नेमलेले पुस्तक आणि आमची लेखणी

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या बाजूला आम्ही राहतो. दर रविवारी चार-सहा मुलेमुली पुस्तके घेऊन आमच्याकडे बसतात. खालून ट्रेलरची घरघर चालू असते, तिची आता सवय झाली आहे. मागच्या वर्षी एम.ए.च्या एका मुलीने पनवेल परिसरावर लिहायला घेतलेल्या प्रबंधाचे पहिले पान दाखवले. पहिलेच वाक्य होते, "मुसलमानी अंमलात हा प्रदेश अंधारात चाचपडत होता."

आम्ही विचारले, "बेटा, हे तुला कुठे सापडले?"

ती म्हणाली, "सर, नेमलेल्या पुस्तकांत असंच लिहितात. वेगळं लिहिलं तर गुण जातील."

तिच्या घरात कोकणी बोलतात, आजीच्या पेटीत जुने कागद आहेत. पण प्रबंधात तिचे आजोबा-पणजोबा परके होऊन बसले होते. रागवावे तर कोणत्या तोंडाने? बी.ए.ला असताना आम्हीही 'हिंदू कालखंड, मुस्लिम कालखंड, ब्रिटिश कालखंड' असे रकाने पाडून उत्तरे लिहिली आणि चांगले गुण मिळवले. पहिल्या दोन कालखंडांना धर्माचे नाव आणि तिसऱ्याला मात्र ख्रिस्ती न म्हणता ब्रिटिश का, हा प्रश्न आम्हाला सुचलाही नव्हता. ही विभागणी रूढ केली जेम्स मिल याने, 1817च्या ग्रंथात. हा गृहस्थ हिंदुस्थानात कधी आला नाही, इथली एकही भाषा त्याला येत नव्हती. पुढे साहेबाचा ग्रंथ गेला, पण रकाने राहिले.

नेमलेल्या पुस्तकाशी भांडण मांडणारा विद्यार्थी महाराष्ट्रात झालाच नाही असे मात्र नाही. साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी असलेल्या ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास 1826 साली लंडनमध्ये छापला गेला. कॅप्टन डेव्हिड केपनने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ते पुढे कित्येक वर्षे शाळांतून शिकवले गेले. मराठी मुलांनी आपल्या पूर्वजांची ओळख साहेबाच्या पुस्तकातून करून घ्यायची, अशी ती तऱ्हा. 1867 साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, विद्यार्थीदशेतच, पुण्याच्या तरुणांच्या मंडळीपुढे ग्रँट डफवर टीकात्मक निबंध वाचला. तो 'विविधज्ञानविस्तार' मासिकात प्रसिद्ध झाला. लेखकाने कोणते कागद पाहिले, कोणते सोडले, आपल्याकडच्या बखरी त्याला कळल्या का, असे त्यांचे विचारणे होते. नुसती टीका करून ते थांबले नाहीत. मल्हार रामराव चिटणीसांची बखर संपादून त्यांनी छापली. पुढे राजवाड्यांनी 1898पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले, 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. या सगळ्याच्या मुळाशी एका विद्यार्थ्याने नेमलेल्या पुस्तकावर घेतलेली हरकत आहे.

त्या हरकतीत आमचा वाटा कमी पडला, हेही कबूल केले पाहिजे. दख्खनच्या इतिहासाचा मोठा भाग फारसीत आहे आणि मोहल्ल्यात फारसी जाणणारे दुर्मीळ झाले. ते काम केले ग. ह. खरे यांनी, 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड काढून. आणि सेतुमाधवराव पगडी यांनी, फारसी साधने मराठीत आणून. आमच्या किती घरांत ही पुस्तके आहेत? आम्ही आमच्याच घरापासून मोजले, तेव्हा गप्प बसावे लागले.

त्या मुलीला आम्ही फिरिश्त्याची गोष्ट सांगितली. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या पदरी बसून त्याने जो इतिहास लिहिला, त्याचे एक नाव 'गुलशन-ए-इब्राहिमी', म्हणजे इब्राहिमची बाग. जॉन ब्रिग्जने 1829 साली त्याचे इंग्रजी केले, तेव्हा नाव पडले 'हिंदुस्थानातील महंमदी सत्तेचा उदय'. मुखपृष्ठावरच बागेची सत्ता झाली! आत काय वाचायचे ते वाचकाला दारातच सांगून टाकले. फिरिश्ताही दरबारचाच माणूस, त्याचेही सगळे खरे मानू नये, हेही तिला सांगितले. नाहीतर एका पुस्तकाची गुलामी सोडून दुसऱ्याची पत्करायची.

मग मलिक अंबरवर बोलणे आले. 1626 साली वारलेला हा हबशी वजीर. त्याने जमिनीची पाहणी करून सारा ठरवला, त्या पद्धतीची आठवण पुढे कितीतरी काळ दख्खनमध्ये राहिली. तिने विचारले, "सर, मग अंधार कुठला?" आम्ही म्हटले, "ते तूच कागदातून दाखव. अंधार असेल तर तोही लिही, पण पुरावा देऊन."

दोन रविवार ती आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती 1882चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर घेऊन. पनवेलची माहिती त्यात आहे. सोबत आजीच्या पेटीतला एक कागद होता, मोडी लिपीतला, खाली फारसी शिक्का. तिला मोडी येत नव्हती, आम्हाला शिक्का लागत नव्हता. प्रबंधाचे पहिले पान तिने कोरेच ठेवले होते. आम्ही दोघे भिंग घेऊन खिडकीपाशी बसलो.