दीर्घिकागुच्छांतील गॅमा-किरण उद्गम

दीर्घिकागुच्छाकडून येणारे गॅमा किरण त्यातील क्रियाशील दीर्घिकांचे की दीर्घिकांदरम्यानच्या तप्त वायूचे, हे ठरविण्याच्या प्रयत्नांचा इतिहास मुख्यत्वे ययाति तारकासमूहातील गुच्छाशी निगडित आहे. सु. २४ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या गुच्छाच्या मध्याशी एनजीसी १२७५ ही क्रियाशील दीर्घिका आहे. विश्वकिरणांतील प्रोटॉन वायूतील अणुकेंद्रांवर आदळून गॅमा किरण निर्माण व्हावेत, अशी अपेक्षा आहे. परंतु वायूही मध्याशीच सर्वांत दाट असल्याने केवळ दिशेवरून निवाडा होत नाही. दीर्घिकेचे प्रारण वेगळे काढल्याखेरीज गुच्छातील विश्वकिरणांचे प्रमाण कळत नाही.

कॉम्प्टन उपग्रहास (१९९१–२०००) येथे खात्रीलायक उद्गम आढळला नाही. २००८ साली सोडलेल्या फेर्मी दूरदर्शकास मात्र तो पहिल्या काही महिन्यांतच ठळक दिसला. लक्षावधी प्रकाशवर्षे पसरलेला वायू काही वर्षांत असा उजळणे शक्य नाही. म्हणून हे प्रारण दीर्घिकेच्या गाभ्यातील होय, असा निष्कर्ष निघाला. कन्या गुच्छातील एम ८७ या दीर्घिकेचा उद्गमही नामिबियातील हेस दूरदर्शकांना २००५ मध्ये दिसलेल्या, सु. दोन दिवसांत घडणाऱ्या बदलांमुळे असाच निश्चित झाला होता.

ययाति गुच्छात आणखी एक अडचण होती. एनजीसी १२७५ पासून सु. ०·६ अंशावर, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाहून थोड्याच अधिक अंतरावर, आयसी ३१० ही दुसरी क्रियाशील दीर्घिका आहे. कमी ऊर्जेस फेर्मीच्या प्रतिमेत दोन्ही एकमेकींत मिसळतात. कानेरी बेटांतील ला पाल्मा येथील मॅजिक दूरदर्शकांनी त्या स्वतंत्रपणे पाहिल्या. एनजीसी १२७५ चा वर्णपट १०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपुढे झपाट्याने क्षीण होतो, तर आयसी ३१० चा फार पुढपर्यंत टिकतो. त्यामुळे उच्च ऊर्जेच्या नकाशात दुसरीच काय ती उरते. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिची तेजस्विता पाच मिनिटांहूनही कमी काळात बदलली. तिच्या कृष्ण विवराचा विस्तार ओलांडण्यास प्रकाशास याहून अधिक वेळ लागतो, हे विशेष.

सु. २५० तासांच्या वेधांनंतरही मॅजिकला वायूचे गॅमा किरण आढळले नाहीत. यावरून विश्वकिरणांचा दाब वायूच्या दाबाच्या फार तर काही टक्के असावा, असे दिसते. अशा शोधास दीर्घिका मंद असतानाचे वेधच अधिक उपयुक्त, हे उघड आहे.

ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमधील हान्ले येथे, सु. ४,२७० मी. उंचीवर, २१ मी. व्यासाचा मेस दूरदर्शक उभारला. गॅमा किरणांमुळे वातावरणात उमटणारी चेरेंकॉव्ह प्रारणाची क्षणिक दीप्ती तो टिपतो. डिसेंबर २०२२ व जानेवारी २०२३ मध्ये एनजीसी १२७५ अचानक उजळल्याचे या दूरदर्शकाने नोंदविले.