मांजरेचे ऋण

हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीच्या नावातच पाणी आहे. तेलुगूत ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंटा’ म्हणजे लहानसे तळे. आज तेथे दाट वस्ती आहे. तळे केवळ नावात उरले आहे. पाणी नळाने येते आणि तोटी फिरविणाऱ्यास ते कोठून आले, हे सहसा ठाऊक नसते. 1908 च्या सप्टेंबरात मुसी नदीला भयंकर पूर आला. त्यानंतर उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधण्यात आले. पुढे शहर वाढले, ते पाणीही पुरेना, आणि 1960 नंतरच्या दशकात मांजरा नदीचे पाणी हैदराबादेस आणण्यात आले. ही मांजरा उगम पावते ती बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरात. मराठवाड्याच्या माळावर पडलेल्या पावसाचा काही अंश अशा रीतीने हैदराबादच्या घरांत पोहोचला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बीड जिल्हा आणि हैदराबाद शहर एकाच राज्यात होते. राज्याची सीमा बदलली. नदीचा उतार मात्र बदलला नाही.

2016 च्या उन्हाळ्यात हीच मांजरा आटली. धनेगावच्या धरणात पाणी उरले नाही आणि लातूरची तहान भागविण्यासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. 12 एप्रिल रोजी पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोहोचली. नदीच्या उगमाकडचा प्रदेश तहानलेला असताना त्या नदीवर पोसलेल्या शहरवासीयांचे कर्तव्य कोणते, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी दुष्काळातील मदतीचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

1876 ते 1878 च्या दुष्काळात भुकेलेला माणूस गाव सोडून सरकारी कामाच्या छावणीकडे चालत जाई. सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानुसार दिवसभर राबणाऱ्या पुरुषाचे वेतन एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणले गेले. मुंबई इलाख्यात ही कपात होताच हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. पोटाला अन्न नसतानाही त्या माणसांनी स्वाभिमान सोडला नाही, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. त्याच काळात सावित्रीबाई फुले जुन्नर भागात होत्या. ओतूरहून 20 एप्रिल 1877 रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात तेथील हाहाकाराचे वर्णन आहे. दुष्काळ पुण्यात येण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या स्वतः दुष्काळाकडे गेल्या.

पुढे 1972 च्या दुष्काळात लक्षावधी स्त्रीपुरुषांनी खडी फोडली, बांध घातले, आणि त्या अनुभवातून 1977 साली महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. दान मागणाऱ्या हाताला कामाचा हक्क मिळाला. त्याच सुमारास बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली होती. ‘छावणी’ या शब्दाचा अर्थ येथे पालटला. पूर्वी गरजू माणूस छावणीकडे जाई. आता सुस्थितीतील माणूस हातात कुदळ घेऊन छावणीत येऊ लागला. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात पाणलोटाचे कार्य उभारले. त्यातही ग्रामस्थांचे श्रमदान ही पहिली अट होती. ज्याचा घाम त्याचेच काम, हे त्यामागील तत्त्व.

2016 साली पाणी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली. पहिला मान सातारा जिल्ह्यातील वेळू गावाने मिळविला. 2018 पर्यंत स्पर्धेचा विस्तार 75 तालुक्यांत झाला आणि त्या वर्षीच्या महाराष्ट्रदिनी शहरांतील हजारो लोक गावोगाव श्रमदानास गेले. कित्येक घरांतून आईवडिलांबरोबर मुलेही आली. पहाटे उठावे, ऊन चढण्यापूर्वी उताराला आडवे चर खणावेत, मोठ्यांनी टिकाव चालवावा, मुलांनी रांगेत घमेली पुढे द्यावीत, असा तो क्रम. 2019 नंतर ती स्पर्धा राहिली नाही; परंतु तिने घालून दिलेली वाट राहिली आहे.

ही वाट निसरडी आहे, हेही सांगितले पाहिजे. टंचाईच्या गावाला माणशी 20 लिटर हे टँकरच्या पाण्याचे प्रमाण. चौघांचे एक कुटुंब दोन दिवस मुक्कामास राहिले, तर तेवढ्यात 160 लिटर पाणी खर्ची पडते. पाहुण्यांनी ते गावाच्या हंड्यातून घेतले, तर ती सेवा नव्हे, सहल होय. म्हणून पाणी व शिधा बरोबर न्यावा. चर कोठे खणायचा, हे गावाने सांगावे आणि पाहुण्याने ऐकावे. चौघांनी दोन सकाळींत एक घनमीटर माती उपसली, तर तो चर प्रत्येक भरावाला हजार लिटर पाणी अडवितो. हिशेब लहान आहे, पण प्रामाणिक आहे. अर्थात चार दिवसांच्या पाहुण्याने गावाचा दुष्काळ हटत नाही. तो गावकऱ्यांच्या वर्षानुवर्षांच्या कष्टाने हटतो. पाहुण्याने तेथून न्यायचे ते इतकेच, की तोटीच्या मागे एक नदी असते आणि नदीच्या मागे एक गाव.

नल्लकुंट्यातील एखादे मराठी कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत बालाघाटाच्या पायथ्याशी राहुटी ठोकील, तर ते परक्या मुलुखात जाणार नाही. ज्या नदीचे पाणी त्याच्या शहराने प्यायले, तिच्याच माहेरी ते जाईल. आणि माहेरी जाताना रित्या हाताने जाऊ नये, ही मराठी घरांतील जुनी रीत आहे.