लहान पेटीचा हिशेब

वडिलांच्या मागे घरात उरलेल्या वस्तूंपैकी रोजच्या वापरात होता तो स्टिरिओ. त्याचा अ‍ॅम्प्लिफायर सत्तरच्या दशकातला. मागच्या पाटीवर 'प्रत्येकी १५ वॅट, ८ ओहम' एवढाच मजकूर. त्याच्या जोडीचे कमरेएवढे स्पीकर वाळवीने पोखरले, तेव्हा गेल्या दिवाळीत पुस्तकांच्या कपाटात मावतील असे दोन नवे आणले. आवाज स्वच्छ आला, पण बारीक. पूर्वी बटण पाव फिरवले की दिवाणखाना भरत असे. आता निम्म्यापुढे नेले तरी भरेना, आणि आणखी नेताच गायिकेचा तार सप्तकातला सूर फाटू लागला. घरात निकाल लागला : अ‍ॅम्प्लिफायर थकला, भंगारात द्यावा. दुकानदारानेही त्यावर शिक्कामोर्तब केले. मला मात्र हा निकाल एकतर्फी वाटला, आणि आरोपीच्या बचावासाठी काही जुने कागद चाळावेत असे ठरवले.

आज आपण वापरतो तो स्पीकर राइस आणि केलॉग यांच्या १९२५ सालच्या शोधनिबंधातून आला. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे अ‍ॅम्प्लिफायर निर्वात नळ्यांचे होते आणि एकेक वॅट महाग होता. साहजिकच काटकसरीची जबाबदारी स्पीकरवर पडली. पॉल क्लिप्श यांचा १९४६चा 'क्लिप्शहॉर्न' हे त्या काटकसरीचे टोक : खोलीच्या कोपऱ्यातल्या भिंतींनाच कर्ण्याचा भाग बनवून तो एका वॅटमध्ये घर दणाणून सोडी. पण आकार कपाटाएवढा. खर्जाला जागा लागतेच. सेकंदाला ४० कंपनांच्या सुराची लहर हवेत साडेआठ मीटर लांब असते.

हे गणित उलटे केले ते एडगर विल्चर यांनी. हे गृहस्थ मुळात कलेच्या इतिहासाचे विद्यार्थी, इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना. (आमच्यासारख्या भाषा शिकवणाऱ्यांना यात थोडा दिलासा आहे.) स्पीकरचा कागदी शंकू मागेपुढे हलतो आणि त्याला जागेवर परत आणण्याचे काम त्याच्या कडेचे ताठ वेष्टन करते. हे वेष्टन जास्त ताणले गेले की प्रामाणिक राहत नाही, खर्ज विकृत होतो. विल्चर यांनी वेष्टन मुद्दाम ढिले केले, पेटी सर्व बाजूंनी बंद केली आणि परत आणण्याचे काम आत कोंडलेल्या हवेवर सोपवले. हवेची स्प्रिंग कोणत्याही कापडापेक्षा सरळ वागते, आणि तिला पेटी लहानच हवी असते. १९५४मध्ये आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासह त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे 'अ‍ॅकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली आणि 'एआर-१' बाजारात आणला. कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज आता टेबलावर मावू लागला.

फुकट मात्र काही मिळाले नव्हते. लहान पेटीतली हवा ताठ असते. तिच्यासह खालचा सूर गाठायचा तर शंकू जड करावा लागतो, आणि जड शंकू हलवायला जास्त शक्ती लागते. हा व्यवहार नियमात बांधला तो जोसेफ अँटन हॉफमन यांनी. १९५७मध्ये क्लॉस यांनी काढलेल्या 'केएलएच' या दुसऱ्या कंपनीच्या नावातला 'एच' तो हाच. प्रख्यात पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचा हा मुलगा. लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्हींपैकी दोनच मिळतील, तिसरे सोडा. आणि सोडणे साधेसुधे नाही : त्याच आकारात एक सप्तक खाली उतरायचे तर कार्यक्षमता आठपटीने घटते.

तरीही लहान पेटी जिंकली. १९५८मध्ये स्टिरिओ रेकॉर्ड आल्या आणि घरात एकाऐवजी दोन पेट्या हव्या झाल्या. दोन क्लिप्शहॉर्नसाठी दोन मोकळे कोपरे कोणाकडे असणार? पुढे ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त केले. इतके, की जाहिरातींत वॅटचे आकडे फुगू लागले आणि १९७४मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला ते मोजायचे कसे याचा नियम करावा लागला. (आमच्या पाटीवरच्या १५ला तो नियम अर्थातच लागू नव्हता.) ओझे स्पीकरकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे सरकले ते असे. मराठीत दोघांनाही आपण 'ध्वनिवर्धक' म्हणतो, त्यामुळे कोणी कोणाचे काम उचलले हे शब्दात दिसतच नाही.

आता आमचा खटला. नव्या पेटीच्या पत्रकात ८४ डेसिबल लिहिले आहे. जुन्या मोठ्या पेटीसाठी ९२ धरायला हरकत नसावी. दर तीन डेसिबलला शक्ती दुप्पट लागते, म्हणजे आठ डेसिबलला सहापटीहून अधिक. १५ वॅटमध्ये जे होत होते त्याला आता नव्वदच्या वर हवेत. शिवाय हे ८४ एका वॅटला नव्हे, २.८३ व्होल्टला मोजलेले आहेत. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला एक वॅट जातो, ४ ओहमच्या स्पीकरमध्ये दोन. आणि आमचे नवे स्पीकर ४ ओहमचे आहेत! पाटी ८ सांगत असताना ४ जोडले की अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट प्रवाह मागितला जातो, तो तापतो, आणि आवाक्याबाहेर नेल्यावर लहरींचे माथे छाटले जातात. फाटणारा सूर तो हाच. असा छाटलेला आवाज फार वेळ चालवला तर नाजूक ट्वीटरही जळू शकतो.

थकवा नव्हताच, वीस माणसांचे ओझे तिघांना उचलायला सांगितले होते. दुकानदाराने पेट्या परत घेतल्या नाहीत, आणखी पैसे देऊन बदलून दिल्या. नव्या ८ ओहमच्या, ८९ डेसिबलच्या आहेत, आणि खर्ज थोडा वरच थांबतो. अ‍ॅम्प्लिफायर दिवाणखान्यातून वडिलांच्या दहा बाय दहाच्या खोलीत हलवला आहे. खुर्ची पेट्यांपासून दीड मीटरवर येते. बटण पावाच्या थोडे पुढे न्यावे लागते.