इझुमी, आराता
इझुमी, आराता : (३१ जुलै १९८२ – ). भारताचे माजी आंतरराष्ट्रीय फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक. जन्म जपानमधील यामागुची प्रांतातील शिमोनोसेकी येथे. वडील गुजराती, आई जपानी. ‘नीलकंठ खंभोळजा’ हे त्यांचे भारतीय नाव. मैदानावर आणि वर्तमानपत्रांत मात्र ते ‘आराता’च राहिले. मधल्या फळीत, आघाडीवीरांच्या जरा मागे खेळणारे खेळाडू म्हणून त्यांची ओळख होती. जपानचे नागरिकत्व सोडून त्यांनी भारताचे घेतले आणि २०१३ मध्ये ते भारतीय संघाकडून खेळले. त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत स्थिर काळ पुणे एफसी या क्लबात गेला. या क्लबाचे सरावाचे मैदान मामुर्डी येथे, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या वायव्य टोकाला होते. त्यामुळे या औद्योगिक पट्ट्याच्या क्रीडा-इतिहासात त्यांची नोंद आवश्यक ठरते.

सुरुवात : भारतात येण्यापूर्वी ते आल्बिरेक्स निगाता या जपानी क्लबाच्या सिंगापूरमधील संघाकडून आणि जपानमधील मित्सुबिशी मोटर्स मिझुशिमा या संघाकडून खेळले. मिझुशिमा हा अस्सल कारखान्याचा संघ. ओकायामा प्रांतातील कुराशिकी शहरातल्या मोटार कारखान्याच्या नावाने तो खेळत असे. पुणेकरांना ओकायामा ठाऊक आहे ते सिंहगड रस्त्यावरील पुणे-ओकायामा मैत्री उद्यानामुळे, म्हणजेच पु. ल. देशपांडे उद्यानामुळे. त्या प्रांताची दुसरी, धुराड्यांची बाजू आराता यांनी अनुभवली होती. पुढे त्यांची उमेदीची वर्षे चाकण-तळेगावच्या अशाच धुराड्यांच्या शेजारी गेली.

कोलकाता व मुंबई : २००६ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये आले. तेथील मुक्काम अल्प होता. २००७ मध्ये ते मुंबईच्या महिंद्रा युनायटेडमध्ये दाखल झाले. हा संघ महिंद्र उद्योगसमूहाचा. कूपरेज मैदानावर खेळणाऱ्या या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती आणि त्या वेळी गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक होते. आराता संघात असताना महिंद्राने २००८ चा ड्युरँड चषक जिंकला. पुढच्याच वर्षी परेरा पुणे एफसीत गेले आणि त्याच सुमारास आराताही तेथे आले.

महिंद्र समूहाने २०१० मध्ये फुटबॉल संघ बंद केला. त्याच वर्षी समूहाचा चाकणचा मोटार कारखाना सुरू झाला. दोन्ही निर्णयांचा परस्परांशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण मुंबई-पुणे पट्ट्यातील व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास लिहिताना हे वर्ष टाळता येत नाही, कारण या भागातील फुटबॉल कायम कुठल्या ना कुठल्या उद्योगाच्या ताळेबंदावर उभा राहिला आहे.

पुणे एफसी आणि मामुर्डी : अशोक पिरामल समूहाने २००७ मध्ये पुणे एफसीची स्थापना केली. नंदन पिरामल हे क्लबाचे प्रमुख होते. दुसऱ्या श्रेणीतून वर येऊन क्लबाने २००९-१० मध्ये आय-लीग या देशाच्या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमधील आपल्या पहिल्या हंगामातच तिसरे स्थान पटकावले. डेम्पो, चर्चिल ब्रदर्स, मोहन बागान, ईस्ट बंगाल ही त्या काळातील मातब्बर मंडळी. त्यांच्यात नवख्या पुण्याने तिसरे यावे, ही त्या हंगामातील मोठी बातमी होती.

सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात होत. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेले. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही येथेच झाल्या. फुटबॉलच्या प्रेक्षकाला हे मैदान फारसे मानवत नसे. खेळपट्टीभोवती धावण्याचा ट्रॅक असल्यामुळे पहिल्या रांगेतला माणूसही टचलाइनपासून लांब पडे. पलीकडच्या बाजूला चेंडू गेला की पायांची हालचाल दिसे, पण कोणी कोणाला काय ओरडून सांगितले ते कळत नसे. मधल्या फळीतल्या खेळाडूचे निम्मे काम बोलण्याचे असते, आणि ते बालेवाडीत प्रेक्षकाच्या वाट्याला कधीच आले नाही.

ते काम पाहायचे तर मामुर्डीला जावे लागे. देहूरोड आणि किवळे यांच्यामधले हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या पलीकडे गहुंजे आहे. तेथे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे स्टेडियम उभे राहिले, आणि पिरामल समूहाच्याच पेनिन्सुला लँड या बांधकाम कंपनीचा गृहप्रकल्पही. क्रिकेटचे स्टेडियम आज साऱ्या देशाला माहीत आहे. पुणे एफसीचे सराव मैदान मात्र फुटबॉलवाल्यांच्या बाहेर कोणाला फारसे ठाऊक झाले नाही. भारतातील त्या काळच्या क्लबांपैकी स्वतःचे सराव मैदान आणि स्वतःची अकादमी असलेले क्लब हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बहुतेक संघ सार्वजनिक मैदानांच्या वेळापत्रकावर जगत. पुण्याचा संघ मोठ्या संघांच्या बरोबरीने टिकला, त्यात या मैदानाचा वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत नोंदीच्या लेखकाचे मत आहे. कोल्हापूरचा निखिल कदम आणि केरळचा आशिक कुरुनियन हे याच अकादमीतून पुढे आले. क्लबाच्या कुमार संघाने राष्ट्रीय लीगची विजेतेपदेही मिळवली.

आराता २००९ पासून या क्लबात होते. गोलरक्षक सुब्रत पाल, बचावपटू अनस एडथोडिका, मधल्या फळीत आयव्हरी कोस्टचे पिएर दुहू असे नावाजलेले सहकारी त्यांना येथे लाभले. पुणे एफसीचा सर्वोत्तम हंगाम २०१२-१३ चा. त्या वर्षी चर्चिल ब्रदर्स विजेते आणि पुणे उपविजेते ठरले. त्या बळावर क्लब आशियाई स्पर्धांच्या उंबरठ्यावर पोहोचला. २०१४ च्या आरंभी एएफसी चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात व्हिएतनामच्या हनोई टी अँड टी संघाने पुण्याला ३-० ने हरवले, आणि पुणे एएफसी चषकात खेळले.

डच पर्व : आराता यांच्या पुणे एफसीमधील शेवटच्या वर्षांवर डच फुटबॉलची दाट छाया आहे, आणि मराठी क्रीडालेखनात तिची दखल क्वचितच घेतली गेली. २०१३-१४ साठी परेरांच्या जागी माइक स्नूई हे डच प्रशिक्षक आले. पूर्वी नेदरलँड्समधील व्हिटेस क्लबाचे ते प्रशिक्षक होते. त्याच हंगामात घानात जन्मलेला आणि नेदरलँड्समध्ये घडलेला रिगा मुस्तफा हा खेळाडू पुणे एफसीत आला. व्हिटेस, स्पेनचा लेव्हान्ते आणि इंग्लंडचा बोल्टन असा त्याचा प्रवास झाला होता. इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळलेला खेळाडू किवळे-मामुर्डीच्या रस्त्याने सरावाला जातो, ही गोष्ट त्या वेळी बातमी व्हायला हवी होती, ती फारशी झाली नाही.

राष्ट्रीय पातळीवरही डचांचाच अंमल होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे तांत्रिक संचालक रॉब बान आणि २०१२ पासून राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक विम कूवरमान्स हे दोघेही डच. कूवरमान्स हे १९८८ ची युरोपीय स्पर्धा जिंकणाऱ्या डच संघात होते. भारतात आल्यावर त्यांनी पहिल्याच प्रयत्नात २०१२ चा नेहरू चषक जिंकून दिला. चेंडू पायाशी ठेवून मागून खेळ रचत न्यावा, ही त्यांची शिकवण. त्यासाठी अरुंद जागेत चेंडू घेऊन मान वर ठेवणारा मधल्या फळीचा खेळाडू लागतो. अशा खेळाडूंची भारतात टंचाई होती. आराता त्या साच्यात बसत होते, पण त्यांच्याजवळचा पासपोर्ट आड येत होता.

नागरिकत्व : या प्रकरणाला येथे सविस्तर जागा देणे योग्य ठरेल. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ पासून पूर्ण रूप घेतलेले ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड हे नागरिकत्व नव्हे. त्याने राहता आणि काम करता येते, मतदान करता येत नाही. तरीही २००८ पर्यंत भारतीय वंशाचे परदेशी नागरिक काही खेळांत भारताकडून खेळत. टेनिसपटू प्रकाश अमृतराज हे त्याचे ठळक उदाहरण. २००८ च्या अखेरीस केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने धोरण बदलले आणि भारतीय पासपोर्ट असल्याशिवाय देशाचे प्रतिनिधित्व करता येणार नाही, असे ठरवले. जपानचा कायदाही प्रौढांना दोन नागरिकत्वे ठेवू देत नाही. म्हणजे आराता यांच्यापुढे एकच वाट होती : जपानचे नागरिकत्व सोडायचे.

त्यांनी ते सोडले. तिशी ओलांडलेल्या खेळाडूने हा निर्णय घ्यावा, यात आर्थिक हिशेब शोधणारे त्या वेळीही होते. परदेशी खेळाडूंच्या मर्यादित कोट्यातून आराता बाहेर पडल्याने क्लबाची एक जागा मोकळी झाली, हेही खरे. पण जपानचा पासपोर्ट परत मिळवणे सोपे नसते, आणि राष्ट्रीय संघातल्या मोजक्या सामन्यांची कमाई त्याची भरपाई करणारी नव्हती. निर्णयाचे वजन या दुसऱ्या बाजूला अधिक पडते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी कोची येथे पॅलेस्टाइनविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ते पहिल्यांदा भारताकडून मैदानात उतरले. भारत २-४ ने हरला. ‘भारताकडून खेळलेले परदेशात जन्मलेले पहिले खेळाडू’ असा त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी आढळतो, तो बरोबर नाही. महिंद्रा युनायटेडचेच माजी खेळाडू आणि पुढे राष्ट्रीय प्रशिक्षक झालेले खालिद जमील यांचा जन्म कुवेतचा. परकीय नागरिकत्व सोडून भारतीय संघात आलेले आधुनिक काळातील पहिले फुटबॉलपटू, एवढेच विधान आराता यांच्याबाबत करावे.

इंडियन सुपर लीग : २०१५ मध्ये मुंबईत झालेल्या या लीगच्या खेळाडूंच्या लिलावात अॅटलेटिको डी कोलकाताने त्यांना ६८ लाख रुपयांना घेतले. १३ ऑक्टोबर २०१५ रोजी कोलकात्याच्या युवा भारती क्रीडांगणावर केरळ ब्लास्टर्सविरुद्धच्या सामन्याला पेले स्वतः उपस्थित होते. सहाव्या मिनिटाला आराता यांनी गोल केला. पेले स्थिरस्थावर होण्याच्या आत कोलकाता आघाडीवर गेले, असे म्हणायला हरकत नाही. कोलकात्याने सामना २-१ ने जिंकला. त्या हंगामाच्या उपांत्य फेरीत त्यांची गाठ चेन्नईयिनशी पडली. चेन्नईत महापूर आल्यामुळे पहिला सामना पुण्यात, बालेवाडीला हलवावा लागला आणि कोलकाता तेथे ०-३ ने हरले. आराता यांचे जुने घरचे मैदान त्यांच्या नव्या संघाला असे महाग पडले.

२०१६ मध्ये प्रशिक्षक अँतोनियो हबास कोलकात्याहून इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी या क्लबात आले. आराताही त्या हंगामात या क्लबाकडून खेळले. २०१७-१८ मध्ये ते केरळ ब्लास्टर्समध्ये होते.

प्रशिक्षण : खेळाडू म्हणून निवृत्तीनंतर नवी मुंबईतील रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स या अकादमीत ते कुमार खेळाडूंचे प्रशिक्षक झाले.

क्लबांची अखेर : पुण्यातील क्लबांचा पुढचा वृत्तांत थोडक्यात असा. पुणे एफसीच्या मालकांनी २०१५ मध्ये संघ बंद केला आणि अकादमी एफसी पुणे सिटीकडे गेली. कल्याणी समूहाचा भारत एफसी बालेवाडीत २०१४-१५ चा एकच हंगाम खेळून थांबला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये हैदराबादला गेला. या प्रत्येक वेळी कारणे वेगळी सांगितली गेली. त्यांतली कोणती खरी, यावर मालक, महासंघ आणि चाहते यांचे एकमत नाही.

मूल्यमापन : आराता यांची आंतरराष्ट्रीय सामन्यांची संख्या लहान आहे आणि केवळ तिच्या आधारे त्यांना थोर खेळाडूंत बसवता येणार नाही. त्यांचे महत्त्व त्यांनी पाडलेल्या पायंड्यात आहे. त्यांच्या पावलावर पाऊल टाकायला दुसऱ्या खेळाडूला बारा वर्षांहून अधिक काळ लागला. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आईकडून मुंबईशी नाते असलेला बंगळुरू एफसीचा रायन विल्यम्स २०२५ मध्ये भारतीय नागरिक झाला. त्या वेळी अनेक बातम्यांत आराता यांचे नाव पुन्हा आले, मात्र मामुर्डीचे कोठेच आले नाही. २०१९ नंतर पुण्याचा किंवा पिंपरी-चिंचवडचा एकही संघ देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये खेळलेला नाही.