रोमन नाणं घेताय? आधी विणकराचा हिशेब वाचा



नागपूर-पुण्याच्या नाणे प्रदर्शनांत आपली पोरं आता दिसू लागली आहेत. वर्ध्याहूनही जातात. चांगली गोष्ट आहे. पण टेबलावर सगळ्यात जास्त गर्दी असते ती रोमन नाण्यांपाशी. सम्राटाचा मुखवटा, दोन हजार वर्षांचं वय, विक्रेत्याने सांगितलेला भाव, बस्स. हे नाणं कुठल्या गावच्या मातीतून निघालं, हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर मिळत नाही.

मुळात रोमची चांदी आपल्याकडे आली कशासाठी? पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, 'पेरिप्लस'मध्ये, याचं सरळ उत्तर आहे. पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल भडोच बंदरात जायचा. तेरच्या मालात जाडंभरडं सुती कापड भरपूर आणि तलम मलमलही. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी आणली तर ती नफ्यात बदलून मिळत. म्हणजे त्या मुखवट्यामागे दख्खनचा कापूस आहे आणि तो विणणारे हात आहेत. हिंगणघाट-पुलगावच्या माणसाला कापसाचं हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांत चला. (पांडवांचा तिथे काडीचा संबंध नाही, ती बौद्ध लेणी आहेत.) दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, एक हजारावर पाऊण. दोन हजारांचं वर्षाचं व्याज होतं २४०. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. हिशेब पैशाला पैसा जुळतो. त्याच लेखात सोन्याच्या एका सुवर्णाला ३५ कार्षापण हा दरही कोरला आहे.

राजाच्या जावयाने पैसा ठेवला तो विणकरांकडे! संघाच्या चीवराची हमी कारागिरांच्या श्रेणीने घेतली होती. आता विसाव्या शतकात या. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. नागपूर-वर्ध्याकडे तर कित्येक महार कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या जाडंभरडं विणत आली होती. ज्या हाताकडे संघाची ठेव सुरक्षित होती, तो हात धाग्याला लागला तर धागा विटाळतो, हे मधल्या काळात कुणी शिकवलं? चातुर्वर्ण्याने. नाण्यांचा इतिहास लिहिणारे सम्राटांची यादी देतात आणि हा प्रश्न टाळतात. बाबासाहेबांनी मात्र १९२३च्या रुपयावरील प्रबंधात चलनाकडे पाहताना त्या पैशाने माणसाच्या पदरात काय पडतं, हाच प्रश्न धरला होता.

म्हणून नाणं कुठे सापडलं याला किंमत आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी निघाली. त्यातली नऊ हजारांवर नहपानाची नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटवून पुन्हा चालवलेली. साठा एकत्र मोजला गेला म्हणून सत्तांतर कळलं. तीच नाणी सुटी सुटी टेबलांवर गेली असती तर? आपल्या जिल्ह्यात पवनार म्हटलं की विनोबांचा आश्रम आठवतो. पण १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं, तेव्हा वाकाटकांच्या खाली सातवाहन काळाचे थर निघाले. हे थरावरून कळतं, नाण्याच्या चकाकीवरून नाही.

स्वस्तात मिळणारी बरीचशी रोमन तांब्याची नाणी युरोपातल्या साठ्यांतली असतात, काही तर चक्क ओतीव नकली. हौस म्हणून घ्या, पण त्यावरून आपल्या भूमीचा इतिहास सांगू नका. आणि नांगरताना, विहीर खणताना शेतात काही निघालं तर सोनाराकडे पळू नका. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि त्यात सापडणाऱ्याचा हक्कही धरलेला आहे. कळवण्याआधी जागेवरच फोटो काढा. गाव, गट क्रमांक, किती खोल, सोबत खापरं किंवा विटा होत्या का, हे त्याच दिवशी वहीत लिहा. नाणं घासून चकचकीत करू नका, त्यावरची अक्षरं जातात.