शर्यतीचे चाक

कराडला लागून मलकापूर आहे. या सातारा-सांगली पट्ट्यातले हौशी शर्यतीचे वाहन म्हणजे बैलजोडीचा छकडा. बैलांच्या जातीवर, खुराकावर रात्र-रात्र बोलणारे लोक चाकाबद्दल मात्र क्वचितच बोलतात.

दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेल्या ब्राँझच्या रथाला दोन बैल जुंपलेले आहेत, हाकणारा उभा आहे आणि चाके भरीव आहेत. ऋग्वेदाच्या काळी चाकाला आरे आलेले होते. तिथला ‘अर’ तोच आपला ‘आरा’. दहाव्या मंडलातील मुद्गल-मुद्गलानीच्या सूक्तात बैल जुंपलेल्या रथाची शर्यत आहे, असे अनेक अभ्यासक मानतात.

आऱ्यांचा फायदा काय? चाक पुढे जाते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतेही. म्हणून वेग घेताना धावेवरचा एक किलो साटीवरच्या दोन किलोंइतका भारी पडतो. मालाच्या गाडीला जाड लोखंडी धाव शोभते, छकड्याला ती जाचते. पण वजन फार उतरवले, तर खड्ड्यात आरा तुंब्यातून निसटतो आणि गाडी बैलांच्या पायांत येते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. सारा वाद बैलाच्या वेदनेचा होता. त्या वेदनेचा एक भाग सुतार-लोहाराच्या हातात असतो. हिंदकेसरीचा मान बैलाला मिळतो. चाक कुठवर हलके करायचे आणि कुठे थांबायचे, हे मात्र तेच ठरवतात.