दोन नळांचे शहर

मध्य कोलकात्यात भल्या पहाटे रस्त्याच्या कडेचा बुटका लोखंडी हायड्रंट उघडतात आणि मातकट पाणी फुटपाथच्या कडेने धावू लागते. झाडूवाले ते रस्त्यावर वळवून कचरा लोटतात, टॅक्सीवाले गाड्या धुऊन घेतात, कोणी तिथेच आंघोळ उरकतो. हे पाणी हुगळीतून उपसून, न गाळता नळांत सोडलेले असते. पिण्याचे पाणी निराळ्या नळाने येते. मुंबईने १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आणले, ते पिण्यालाही तेच आणि धुण्यालाही तेच. कोलकात्याने मात्र धुण्याचे वेगळे आणि पिण्याचे वेगळे असा हिशेब मांडून जमिनीखाली नळांची दोन जाळी अंथरली.

या दोन पाण्यांत यंत्राचा मान आधी धुण्याच्या पाण्याला मिळाला. कंपनी सरकारच्या काळात गोऱ्यांची तहान लालदिघी भागवत असे. १७०९ मध्ये हे तळे खोल आणि मोठे करून घेतले होते. तिथून घरोघर पाणी जाई ते भिस्त्याच्या पाठीवरच्या मसकेतून. रस्त्यांवर सडाही भिस्तीच घालत. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खणायला घेतलेला खंदक १७९९ मध्ये बुजवून तिथे सर्क्युलर रोड झाला. शहर असे पसरत गेले, तसे धुळीपुढे भिस्ती अपुरे पडू लागले. १८२० च्या सुमारास चांदपाल घाटावर वाफेचे इंजिन बसले. ते नदीचे पाणी उपसून विटांच्या उघड्या पाटांत सोडी आणि त्यातून रस्त्यांवर सडा पडे. पिण्याच्या पाण्याला असे यंत्र लाभायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली.

घरांच्या खिडक्या धुण्याचा प्रश्न तेव्हा फारसा नव्हताच. अठराव्या शतकातल्या कोलकात्यात काच ही चैन होती. तावदानांच्या जागी वेताची वीण बसवलेली असे आणि ऊन-पाऊस अडवायला लाकडी पट्ट्यांची झडपे. त्यांना ओला फडका पुरे. काच आली आणि पाण्याची परीक्षा बदलली. लाकडावर न दिसणारा पाण्याचा डाग काचेवर दुरून ओळखू येतो.

पिण्याच्या पाण्याचा कारखाना १८७० मध्ये सुरू झाला तो शहराच्या उत्तरेला, बराकपूरजवळ पलता इथे. जागेची निवड विचारपूर्वक केलेली होती. हुगळी ही भरती-ओहोटीची नदी. उन्हाळ्यात वरून येणारा प्रवाह रोडावला की समुद्राचा खारेपणा शहराच्या दिशेने वर चढतो, म्हणून पाणी जितके वरच्या अंगाला उचलावे तितके गोड. रोज ६० लाख गॅलन पाणी ४२ इंची बिडाच्या नळातून कोलकात्याकडे निघाले. नळाचा पल्ला सुमारे २२ किलोमीटरचा. वेलिंग्टन चौकाच्या पोटात बांधलेल्या टाकीतून ते पंपांनी शहरभर फिरवले जाई.

पलत्याची रीत बघण्यासारखी होती. नदीचे पाणी आधी मोठ्या हौदांत निवळत ठेवायचे, म्हणजे जड गाळ तळाशी बसतो. मग ते वाळूच्या विस्तीर्ण थरांतून हळूहळू झिरपू द्यायचे. काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर सूक्ष्मजीवांची बुळबुळीत साय धरते, आणि जंतू गाळण्याचे खरे काम ही साय करते. ती फार दाट झाली की पाणी झिरपेनासे होते. मग तो हौद रिकामा करायचा, मजुरांनी आत उतरून वरची बोटभर वाळू खरवडून काढायची, धुवायची आणि नव्याने साय धरू द्यायची. जंतूंमुळे रोग होतात हे अजून सर्वमान्य व्हायचे होते, अशा काळात ही साय हजारो जीव वाचवत होती. सनातनी घरांत मात्र खळखळ झाली. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, मग ते पाणी देवाला कसे चालावे? पूजेला नदीचे पाणी आणि पिण्याला नळाचे, अशी वाटणी कित्येक घरांनी करून घेतली.

पुढे या पाण्याला उंची हवी झाली. टाला इथे १९०९ मध्ये पोलादी टाकीचे काम सुरू झाले आणि १९११ मध्ये ती वापरात आली. जमिनीपासून ११० फुटांवर, ३२१ फूट लांब-रुंद आणि १६ फूट खोल अशा या टाकीत ९० लाख गॅलन पाणी मावते. तिचे चार कप्पे केले आहेत, त्यामुळे एक कप्पा धुवायला रिकामा केला तरी शहराचे पाणी तुटत नाही.

दोन नळांची कल्पना उत्तम होती. लाख मोलाचे गाळलेले पाणी रस्त्यावर ओतायचे कशाला? मल्लिक घाटावरचे पंप नदीचे पाणी उपसून देत आणि रस्ते, मोऱ्या, संडास, आगीचे बंब यांची गरज त्यावर भागे. अन्याय झाला तो वाटपात. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कोख १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू शोधत होता. तो त्याला बेलियाघाट्याजवळच्या साहेबबागान वस्तीच्या तळ्यात सापडला. पलत्याचे पाणी आल्यापासून शहरातले कॉलऱ्याचे मृत्यू घटले आहेत, हेही त्याने नोंदवले. पण गाळलेले पाणी पुरेसे पोहोचले ते सधन घरांत. वस्त्यांतल्या माणसांना जवळचा आणि चोवीस तास वाहणारा नळ होता तो धुण्याचा. भांडी त्याच पाण्यात विसळली जात, आंघोळ त्याच पाण्याने होई, आणि चूळ भरताना घोटभर पोटात जाई. १९५८ च्या कॉलऱ्याच्या साथीनंतर जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ आले आणि शहराच्या पाण्या-मैल्याचा नव्याने विचार सुरू झाला. १९६१ मध्ये महानगर नियोजनाची संस्था उभी राहिली, तिच्या जन्मामागे हेच दुखणे होते.

आज सॉल्ट लेकचा सेक्टर पाच आणि न्यू टाउन इथे पायापासून माथ्यापर्यंत काचेच्या इमारती उभ्या आहेत. तिथे जुना हिशेब उलटा झाला आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार चालतात. म्हणजे दहा लिटरच्या बादलीत ५ ग्रॅम. प्यायला त्यात काही वावगे नाही. काचेवर मात्र पाणी उडून जाते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे पांढरे ठिपके मागे राहतात. घरी आपण वर्तमानपत्राच्या बोळ्याने ते पुसून काढतो. विसाव्या मजल्यावर बाहेरून दोराला लटकलेल्या माणसाला ते सोपे नाही. इथल्या बोअरच्या पाण्यात लोहही असते, त्याचे तांबूस ओघळ आणखी चिवट. म्हणून काच धुण्याच्या धंद्यात नळाचे पाणी आधी आरओच्या पडद्यातून काढतात. त्यात बहुतेक क्षार मागे राहतात. उरलेसुरले राळेच्या मण्यांनी भरलेल्या नळकांड्यात अडकतात. क्षार मोजणारा मीटर शून्याजवळ आला की ते पाणी काचेवर मारून तसेच वाळू द्यायचे, फडका लावायची गरज नाही. माणसाच्या पोटाला लागते त्याहून कितीतरी निर्मळ पाणी आता तावदानाला लागते.

या शुद्धीची किंमत मोरीत वाहून जाते. आरओ यंत्र स्वच्छ पाण्याबरोबर खारट पाण्याची धार बाहेर टाकते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये, ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे पिण्यासाठी आरओ वापरू नये, असा आदेश दिला तो याच नासाडीपायी. गंगेच्या पाण्यात क्षार मुळात कमी, त्यामुळे पलत्याचे पाणी पिणाऱ्या घराला हे यंत्र नको आहे. काचेच्या इमारतींना ते हवेच असेल, तर टाकाऊ धार गटारात न सोडता संडासाच्या टाक्यांत आणि वाहनतळ धुवायला वळवावी. महापालिकेनेही गंगेच्या पाण्याचे हायड्रंट बंद करू नयेत, कारण रस्ता धुवायला त्याहून स्वस्त पाणी नाही. मात्र जिथे जिथे असा हायड्रंट आहे, तिथे पिण्याच्या पाण्याचा नळ त्याच्या आधी पोहोचलेला असला पाहिजे.